ओळीच्या आधी

"ही बघा, आली परत," साउंडवाला म्हणाला आणि त्याने रेकॉर्डिंग पुन्हा मागे नेलं. "गाण्याच्या जरा आधी. फुसफुस. ऐकू येतेय ना तुम्हाला?"

ऐकू न यायला मावशी काही बहिरी नव्हती. बिनखिडकीची खोली, भिंतींना जाड कापड मारलेलं, खुर्ची इतकी मऊ की एकदा बसलेल्या माणसाला पुन्हा उठता येईल की नाही याची काळजी पडावी. समोरच्या दोन काळ्या स्पीकरांतून आधी एक बाई कुजबुजत होती, 'दिवे राहू द्या, मला वाट ठाऊक आहे', आणि तिचं संपतं न संपतं तोच दुसरी बाई तीच ओळ गात होती. पहिलीचा आवाज कोरडा आणि घाईचा, दुकानदाराने गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. दुसरीचा आवाज त्या खोलीत मावत नव्हता.

"ओळखलंत?" भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दिग्दर्शकाने विचारलं.

"न ओळखायला काय झालं? मीच ती," मावशी म्हणाली. "आणि ही फुसफुस नाहीये. हे माझं काम होतं."

साउंडवाला ओशाळला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, गळ्यात हेडफोन अडकवलेला भला माणूस होता. दिग्दर्शक मात्र हसला. तो तरुण होता, हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणीतरी फार लहानपणी सांगून ठेवलेलं असावं.

मावशी ऑपेराच्या थिएटरात प्रॉम्प्टर होती. तिला तिथे सगळे मावशीच म्हणत, वयाने मोठे होते तेसुद्धा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, जमिनीत एक चौकोनी खड्डा असे आणि त्यावर प्रेक्षकांच्या बाजूने एक बुटकं झाकण. त्यात उंच स्टुलावर बसलं की डोकं तेवढं रंगमंचाच्या वर यायचं. पाठ प्रेक्षकांकडे, तोंड गाणाऱ्यांकडे, समोर गाण्याचं पुस्तक आणि त्यावर एक लहानसा दिवा. गाणारे येत, जात, प्रेम करत, एकमेकांना भोसकत, आणि मावशी प्रत्येकाला त्याच्या ओळीचे पहिले दोन शब्द ओळीच्या क्षणभर आधी देत असे. दोनच शब्द. पुढचं त्याचं त्याला आठवतं. शब्द लवकर गेला तर गाणारा गोंधळतो आणि उशिरा गेला तर तो गेलाच. म्हणून मावशीचं सगळं आयुष्य क्षणभर पुढे चाललेलं असे. समोर चाललेली ओळ तिने कधी धड ऐकलीच नाही, कारण तेव्हा ती पुढच्या ओळीवर असायची.

खड्ड्यातून माणसाचं वेगळंच दर्शन होतं. मावशीला नायक ओळखू यायचे ते बुटांवरून. मरायचा प्रवेश आला की नायिका हटकून तिच्या झाकणाजवळ येऊन पडायची आणि इकडे लोकांचे रुमाल निघाले असताना मावशीच्या कानाशी म्हणायची, "मेले गं, पाठीत उसण भरली." असल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात हा त्या खड्ड्याचा नियम. मावशी मूग गिळून बसणाऱ्यांतली होती, म्हणूनच ती तिथे टिकली.

आता सिनेमा निघत होता तो बाईंवर. बाई म्हणजे त्या थिएटरातली सगळ्यात मोठी गायिका. एवढं म्हटलं की त्या काळी लोकांना पुढचं सांगावं लागत नसे. सिनेमा त्यांच्या शेवटच्या दिवसांवर होता: आवाज थकत चाललेला, घर रिकामं झालेलं, आणि तरी शेवटच्या हंगामात बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी राणीचं निरोपाचं गाणं असं गायलं की लोक घरी जायला तयार होईनात. पडद्यावर नटी ओठ हलवणार आणि आवाज मात्र खुद्द बाईंचा, असं ठरलं होतं. पण निरोपाचं गाणं बाईंनी कधी स्टुडिओत रेकॉर्ड केलं नव्हतं. होतं ते एकच, रेडिओवाल्यांनी शेवटच्या हंगामात प्रयोगाच्या वेळी केलेलं, आणि त्यांनी आपला माइक ठेवला होता रंगमंचाच्या कडेला. मावशीच्या झाकणापासून हातभर अंतरावर.

"तर आम्हाला तुमचा आवाज यातून काढायचाय," दिग्दर्शक म्हणाला. "मशीन काढतं. पण कुठला आवाज कुणाचा हे त्याला आधी शिकवावं लागतं."

"म्हणजे काय करायचं मी?"

साउंडवाल्याने काचेपलीकडे बोट दाखवलं. मग जरा चाचरत म्हणाला, "तुम्ही आत बसून याच ओळी परत बोलायच्या, तेव्हा बोलायचात तशा. नुसत्या. मग मशीन तुम्हाला ओळखेल."

"आणि ओळखलं की पुसून टाकेल."

"तसं नाही हो, मावशी..."

"तसंच आहे की. चालेल. कुठे बसू?"

काचेपलीकडच्या खोलीत माइक होता तो उभ्या माणसाच्या तोंडाला येईल असा. मावशीने तो खाली घ्यायला लावला आणि एक उंच स्टूल मागितलं. कानाला हेडफोन लावून तिने वाद्यं ऐकली, मान एकदा हलवली आणि सुरू झाली. इतक्या वर्षांनी एकही ओळ अडली नाही. आवाज मात्र जाडा झाला होता. मशीनला तो ओळखता येईल का, अशी तिला मध्येच भीती वाटली.

ती बाहेर येऊन पुन्हा त्या खुर्चीत बसली तेव्हा साउंडवाला काहीतरी कौतुकाचं बोलायचं म्हणून बोलून गेला. "गंमत आहे नाही? बाकीच्यांना तुम्ही दोनच शब्द देता. सेनापतीला दोन, दासीला दोन. बाईंना मात्र अख्खी ओळ. प्रत्येक ओळ, शेवटपर्यंत."

तो बोलला आणि त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं. पण बाण सुटला होता. भिंतीला टेकलेला दिग्दर्शक सरळ उभा राहिला.

"प्रत्येक ओळ?"

"म्हणजे, या रेकॉर्डिंगमध्ये तरी," साउंडवाला पुटपुटला.

दिग्दर्शक मावशीसमोर येऊन दुसऱ्या खुर्चीच्या कडेवर बसला. आवाजात एकदम साखर आली. "मावशी, बाईंना आठवत नव्हतं का? शेवटी शेवटी? शब्द गेले होते का त्यांचे?"

मावशी काचेपलीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे बघू लागली.

"नाही म्हणजे, मी सगळ्यांना भेटलोय. डॉक्टर, शेजारी, वाद्यवृंदातली माणसं. सगळे आवाजाचं सांगतात. हे कुणीच सांगितलं नाही. अहो, हे खरं असेल तर माझा शेवटच बदलतो! एवढी मोठी गायिका, हजार माणसं समोर, आणि तिला पुढचा शब्द माहीत नाही. आणि खाली खड्ड्यात तुम्ही. तुम्ही तिला अक्षरशः..." त्याने दोन्ही हात पुढे करून काहीतरी उचलून धरल्यासारखं केलं. "मग मी तुमचा आवाज पुसणार नाही. उलट पुढे आणीन. लोकांना दोघींचे आवाज ऐकू देत. तुमच्यासाठी एखादी चांगली नटी घेऊ. सिनेमा तुमचाही होईल, मावशी."

मावशी त्याच्या हातांकडे बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर ती न बघितलेली नटी आली. मोठ्या पडद्यावर भिंतीएवढा चेहरा, रिकामे डोळे, थरथरणारे ओठ, आणि खाली अंधारात खुर्च्यांवर बसलेली माणसं चुकचुकताहेत.

खरं काय होतं ते तिला एकटीला माहीत होतं. त्या हंगामाच्या तालमीत एक दिवस मधल्या सुट्टीत सगळे चहाला गेले, तेव्हा बाई रंगमंचाच्या कडेला आल्या. वाकायचा त्यांना तिटकारा, तरी त्या वाकल्या, गुडघ्यावर बसल्या आणि झाकणात डोकं घालून म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून मला सगळं सांग."

"सगळं म्हणजे, बाई?"

"सगळं गं. पहिल्यापासून. चाल आठवते, सूर आठवतो, शब्द येत नाहीत. काल घरी दार उघडायला गेले तर दाराला काय म्हणतात तेच आठवेना." मग थांबून म्हणाल्या, "आवाज गेला तर लोक हळहळतात. त्याचं मला काही नाही, आवाज सगळ्यांचाच जातो. पण तिला आठवत नाही, असं एकदा लोकांच्या तोंडी आलं ना, की मग मागचं सगळं पण पुसलं जातं. मग मी म्हणजे बिचारी. मला बिचारी नाही व्हायचं."

कुणाला सांगू नकोस असं त्या म्हणाल्यासुद्धा नाहीत. ते न म्हणण्यातच मावशीचा काय तो मान होता, आणि तो तिला पुरला होता.

"नाही हो," मावशी आता दिग्दर्शकाला म्हणाली. "बाईंना सगळं पाठ होतं. झोपेतून उठवलं तरी म्हणाल्या असत्या."

"मग तुम्ही अख्ख्या ओळी का देत होता?"

"माझी खोड ती." मावशीने पदरचं घालून सांगायला सुरुवात केली आणि एकदा सुरू केल्यावर तिला ते जमतही गेलं. "मी भित्री. एवढी मोठी बाई, चुकली तर माझ्यावर येईल असं वाटायचं मला. तोंड थांबायचंच नाही. बाई चिडायच्या की! गाणं संपलं की खाली बघून डोळे वटारायच्या. एकदा तर म्हणाल्या, 'मावशी, गाणार कोण, तू की मी?'"

पोहता येणाऱ्याला उडी मारून वाचवायला जावं तसं हे होतं. दोन शब्दांच्या जागी अख्खी ओळ देणारा प्रॉम्प्टर म्हणजे त्या धंद्यातलं हसं. मावशीच्या सबंध नोकरीत तिच्याबद्दल असं कुणी म्हणालं असतं तर तिने तीन दिवस अन्न घेतलं नसतं. आज ती स्वतःच्या तोंडाने सांगत होती.

दिग्दर्शकाचा चेहरा पडला. मग हळूहळू पुन्हा उजळला, कारण हुशार माणसाला काहीच वाया घालवता येत नाही. "'गाणार कोण, तू की मी?'" तो हसला. "छान आहे हे. हे वापरता येईल. शेवटाकडे सगळंच फार जड होतंय, तिथे थोडं हलकं बरं पडेल." त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

खोलीत दोघंच उरली. साउंडवाला पडद्याकडे बघत राहिला. मशीनचं काम झालं होतं. पडद्यावर एकाच्या जागी दोन पट्ट्या दिसत होत्या, एक जाड लाटांची आणि एक बारीक.

"ऐकायचंय?" त्याने विचारलं. "ही बारीक तुमची. फक्त तुम्ही."

तिने हो म्हणायच्या आत त्याने बटण दाबलं. वाद्यं नाहीत, बाई नाहीत, टाळ्या नाहीत. एक तरुणशी बाई रिकाम्या घरात कुणाशी तरी बोलत होती. 'दिवे राहू द्या, मला वाट ठाऊक आहे.' मग बराच वेळ काही नाही. 'दारं लावू नका, वारा ओळखीचा आहे.' मग पुन्हा काही नाही. मावशी अंग चोरून बसली होती. आपण इतकं एकटं बोलत होतो हे तिला माहीत नव्हतं. तेव्हा तर दर ओळीला समोरून उत्तर येत असे.

मग त्या आवाजाने आणखी काही म्हटलं. 'श्वास घ्या. घाई नाही. मी आहे.'

साउंडवाल्याने थांबवलं. "हे गाण्यात नाहीये," तो हळूच म्हणाला. "पुस्तकात बघितलं मी. चार-पाच ठिकाणी आहे असं. गाण्यात दबून गेलं होतं, आता सुटं केल्यावर कळलं."

मावशीने दाराकडे बघितलं. "साहेबांनी ऐकलं?"

"नाही."

"मग आधी ते पुसा."

"मावशी, भित्रा माणूस असं बोलत नाही हो. हे ऐकलं तर कुणालाही कळेल की त्या गाण्यात तुम्ही..."

"म्हणूनच पुसा म्हणते."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली. "यातून पुसतो. पण हा सुटा तुकडा तुम्हाला देऊ का काढून? घरी ऐकायला?"

"मला कशाला?" मावशी म्हणाली. "मला पाठ आहे ते." आणि त्या मऊ खुर्चीतून उठायला तिला खरोखरच त्याचा हात घ्यावा लागला.

घरी जाताना ती एक स्टॉप आधी उतरली, उगीच. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. खोली स्वच्छ होती, भांडी एकाच माणसाची होती, आणि शब्द द्यायला समोर कुणी नसल्यामुळे नोकरी सुटल्यापासून तिचं बोलणंच कमी कमी होत गेलं होतं. दुधवाला, खालच्या औषधांच्या दुकानातली मुलगी आणि फोनवर बहीण. ती आपली सवयीने माणसाच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि माणूस बोलायच्या आधीच त्याचं बोलणं तिला कळायचं, त्यामुळे मजाही राहिली नव्हती.

बाईंच्या शेवटच्या दिवसांत ती त्यांच्याकडे जात असे. सिनेमाला ते माहीत नव्हतं आणि होणारही नव्हतं. पहिल्या खेपेला बाईंनी तिला ओळखलं नाही. आरामखुर्चीतून त्या परक्या माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या आणि नर्सला म्हणाल्या, "यांना काय हवंय विचारा." मावशी दारातच थबकली. मग तिच्या ध्यानात आलं की बाईंनी आपल्याला उभं असं कितीसं बघितलंय? ती काही न बोलता त्यांच्या पायांशी फरशीवर जाऊन बसली आणि तिने मान वर केली. बाईंनी खाली बघितलं आणि त्यांचा सगळा चेहरा मोकळा झाला. "आलीस का? केवढा उशीर! सुरू करायचं?" त्यानंतर मावशी नेहमी फरशीवरच बसली. बाई गायच्या नाहीत. पण तिने काही म्हटलं की तेच त्या म्हणायच्या. 'हा पेला.' हा पेला. 'ही खिडकी.' ही खिडकी. 'मी बाई.' मी बाई. एक दिवस नर्सने जिन्यातच बाई गेल्याचा निरोप दिला, तेव्हा मावशी तिथूनच परत फिरली.

सिनेमा आला तेव्हा मावशीला जायचं नव्हतं. पण धाकट्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. ताईने सिनेमासाठी काम केलंय हे तिने आधीच गावभर केलं होतं.

"अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय मी," बहीण फोनवर म्हणाली. "समोरची तर म्हणाली, तुमच्या ताईंची सही घेऊन या. आणि तू म्हणतेस येत नाही?"

"अगं, माझं काही नाहीये त्यात."

"नाही कसं? वर्तमानपत्रात आलंय, त्यात प्रॉम्प्टरचं पात्र आहे म्हणून. तूच की ती! दुपारचा खेळ आहे, गर्दी नसेल. तू तो निळा कोट घाल. आणि हस जरा."

गर्दी होती. दोघी बहिणी मधल्या रांगेत बसल्या. बहिणीने बसतानाच शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, "ही आहे हं यात. म्हणजे हिचं पात्र आहे." त्या बाईने मावशीकडे आदराने बघून पाय आवरून घेतले.

सिनेमा चांगला होता. हे मावशीला मान्य करावं लागलं. नटीने बाईंची मान ताठ ठेवायची ढब बरोबर उचलली होती. रिकाम्या घरातले प्रवेश होते, आवाज फाटतो तो प्रवेश होता, डॉक्टरांचा होता, आणि लोक मुकाट बसून होते. मग थिएटर आलं आणि खड्डा आला. त्या खड्ड्यातून वर आली ती एक गोलमटोल नटी, नाकावर घसरलेला चष्मा, केस विस्कटलेले, तोंड सारखं चालू. ती शब्द देते, नको असताना देते, पुस्तकाची पानं उलटीसुलटी करते, दिवा पाडते. पडद्यावरच्या बाई खाली बघून म्हणतात, "गाणार कोण, तू की मी?"

हॉल खदखदून हसला. सिनेमाभर लोकांना हसायला मिळालं नव्हतं, ते सगळं तिथे निघालं. शेजारची बाईही हसली, मग तिला आठवलं आणि तिने हात तोंडावर नेला.

बहीण हसली नाही. अंधारात ती मावशीकडे वळली. "ही तू?" ती कुजबुजली. "असली वेंधळी? ताई, तू अशी कधी होतीस गं? घरात तुझ्या तोंडून शब्द काढायला आम्हाला चिमटा घ्यावा लागायचा. कुणी सांगितलं यांना हे?"

"मीच सांगितलं."

"तू? का पण?"

"बघ ना सिनेमा."

"काय बघू? मी बिल्डिंगमध्ये काय सांगू आता? एवढी वर्षं नोकरी केलीस ती ही? आणि ती तुझी बाई, तिच्या पायी तू..." ती पडद्याकडे वळली आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली. मावशीने तिच्या हातावर हात ठेवला. तिला बहिणीची दया आली, आणि स्वतःबद्दल काय वाटतंय ते तिला नीटसं कळत नव्हतं.

आणि मग निरोपाचं गाणं आलं.

राणी पायऱ्यांवर उभी. वाद्यं खाली आली आणि बाईंचा आवाज आला, 'दिवे राहू द्या, मला वाट ठाऊक आहे'. स्वच्छ होता. त्या भल्या माणसाने काम चोख केलं होतं. फुसफुस नाही, खरखर नाही, हातभर अंतरावर दुसरं कुणी माणूस कधी बसलं होतं याची खूणसुद्धा नाही. मावशी खुर्चीत मागे टेकली. तिला पुढच्या ओळीवर जायचं नव्हतं. आज पहिल्यांदाच चाललेली ओळ ती चालू असतानाच ऐकत होती, आणि तिला वाटलं, अरे, हे असं होतं तर. एवढं चांगलं होतं. लोक रडायचे ते उगीच नाही.

पहिली ओळ संपली. बाई थांबल्या.

वाद्यं सूर धरून होती आणि बाई थांबल्या होत्या, अगदी थोड्या, एक श्वास घेऊन व्हावा इतक्याच. मग गायल्या, 'दारं लावू नका, वारा ओळखीचा आहे'. पुन्हा थांबल्या. मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बायकोला हलकेच सांगत होते, "बघ, ओळीच्या आधी कशी थांबते. हे शिकवून येत नाही. शेवटच्या हंगामात हे आलं तिला. याला म्हणतात गाणं."

मावशीने बहिणीच्या हातावरचा हात काढून घेतला. बाई थांबत नव्हत्या, वाट बघत होत्या. मशीनने मावशीला काढून टाकलं होतं, पण बाईंचं वाट बघणं त्याला काढता आलं नव्हतं. ते तसंच राहिलं होतं, प्रत्येक ओळीच्या आधी, उघड्यावर, शेकडो लोकांसमोर. शेवटची ओळ जवळ आली. पडद्यावर राणीने सगळ्यांकडे पाठ केली. बाई थांबल्या, आणि या वेळी मावशीला वाटलं की त्या फारच वेळ थांबल्या, त्यांना आठवत नाहीये, त्या खाली बघताहेत, खड्डा रिकामा आहे.

मावशी खुर्चीच्या कडेवर आली. मान वर करून, ओठ नीट दिसतील असे उघडून, ती स्पष्ट म्हणाली, "कुणी सोबत येऊ नका."

पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली. मागचे गृहस्थ म्हणाले, "शू!"

"ताई," बहिणीने तिचा हात ओढला. "गप्प, लोक बघताहेत."

मावशीने तोंड मिटलं. पडद्यावर बाईंनी श्वास घेतला आणि ती ओळ गायली, तिच्याशिवाय.